प्रकल्प कोणी केला?

मधे बरेच महिने इथे काही लिहिलं नाही. नाशिकच्या काकूंनी तर दोनदा फोन करून विचारलं, "लिहिणं सोडलंस की काय रे?" सोडलं नाही, पण जे लिहायचं होतं ते लिहायला थोडी लाज वाटत होती. आज लिहून टाकतो.

गोष्ट आमच्या भाचीच्या प्रकल्पाची आहे. ती हिंगण्याला शिकते, सातवीत. (शाळेचं नाव लिहीत नाही. घोळ शाळेनं घातलेला नाही, मी घातलेला आहे.) दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गात सांगण्यात आलं की प्रत्येकानं आपल्या आवडीचा विषय घेऊन प्रकल्प करायचा. 'आपल्या आवडीचा' हे शब्द तिच्या वहीत दोनदा अधोरेखित केलेले होते. आणि त्याखाली वीस विषयांची यादी! म्हणजे आवड असावी, पण त्या विसांतली असावी.

भाचीला त्या यादीतलं काहीच नको होतं. मागच्या उन्हाळ्यात टाकळघाटच्या बाजूला आमच्या नात्यातल्या एका शेतावर आम्ही सगळे गेलो होतो. तिथे पलीकडच्या पडीक जागेत मोठमोठ्या दगडांचं एक गोल कडं आहे. आमच्या भागात अशी कडी पुष्कळ. पुरातत्त्ववाले त्यांना शिलावर्तुळं म्हणतात. बाकीची पोरं आंब्याखाली पत्ते कुटत होती आणि ही त्या दगडांवरून उड्या मारत मोजत होती. संध्याकाळी परतताना गाडीत तिनं मला विचारलं, "मामा, त्यायच्याजवळ कंपास नव्हता ना? मग इतकं गोल कसं काढलं असंन?"

मी म्हटलं, बघू. मोठी माणसं म्हणतात तसं.

तिनं मात्र ते सोडलं नव्हतं. प्रकल्पाचं निघाल्यावर तिनं चार सुटी पानं काढून दाखवली. एकावर कड्याचं चित्र. दुसऱ्यावर, आरपार बावीस पावलं (तिची). तिसऱ्यावर शेतावरच्या म्हाताऱ्या आजींनी सांगितलेलं, की हे दगड हलवायचे नाहीत असं त्यांची सासू बजावायची. आणि चौथ्यावर दगडांची मोजणी. एकदा ४१, एकदा ४३. दोन्ही आकडे एकाखाली एक, आणि पुढे प्रश्नचिन्ह.

माझी बहीण वैतागली होती. शेवटची तारीख जवळ आली होती आणि पोरीकडे चार पानं. हिंगणा रोडवरच्या स्टेशनरीच्या दुकानात तयार प्रकल्प मिळतात, चिकटवायची चित्रं, माहितीचा कागद, मुखपृष्ठ, सगळं. त्यातलाच एखादा आणावा असं चाललं होतं. मग ती मला म्हणाली, "तुला इतिहासाचं एवढं वेड आहे ना, तूच बघ काय ते. मार्कं जातील तिची."

मी बघितलं. अगदी मनापासून बघितलं, हाच तर प्रॉब्लेम झाला. दोन रात्री जागून मी पंधरा पानं टाइप केली. १८६७ साली रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं नागपूरजवळच्या जुनापाणीची वर्तुळं उकरून पाहिली तिथपासून सुरुवात. मग नागपूर विद्यापीठाच्या डॉ. शां. भा. देव यांनी १९६८-६९ मध्ये टाकळघाट आणि खापा इथे केलेलं उत्खनन. टाकळघाटला वस्तीची पांढर, खाप्याला दफनं. लोखंडाची हत्यारं, घोडे बाळगणारी माणसं, इसवी सनापूर्वीच्या सहस्रकातली. नकाशा, रंगीत प्रिंट, स्पायरल बाइंडिंग. ४१ आणि ४३ हे दोन आकडे मला खटकले, म्हणून ते काढून 'सुमारे ४० दगड' असं केलं. बावीस पावलंही गेली. आजींची सासू तर पहिल्याच फेरीत गेली.

प्रकल्प उत्तम ठरला. प्रदर्शनात मांडला गेला. पाहायला आलेल्या एका पाहुण्यांनी भाचीला कौतुकानं काही विचारलं, तर ती शांतपणे म्हणाली, "मामानं केलं आहे, मामाला विचारा."

मी मागेच उभा होतो.

त्यानंतर काही दिवस मी स्वतःची समजूत घालत होतो की सगळेच पालक असं करतात. मग, माझ्या नेहमीच्या खोडीप्रमाणे, या प्रकल्प नावाच्या प्रकरणाचा इतिहास वाचायला लागलो. म्हटलं पाहू तरी, मुलांनी स्वतः निवडलेलं, स्वतः केलेलं काम ही कल्पना आली कुठून आणि मामांच्या हाती गेली कशी! वाचता वाचता रस्ता आमच्याच दाराशी येऊन थांबेल असं मात्र वाटलं नव्हतं.

पुस्तकांत सुरुवात सांगतात ती अमेरिकेतली. विल्यम हर्ड किलपॅट्रिक हे कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात प्राध्यापक, जॉन ड्यूई यांचे शिष्य. १९१८ च्या सप्टेंबरात त्यांनी 'प्रकल्प पद्धती' या नावाचा एक लेख लिहिला. म्हणणं थोडक्यात असं, की मूल जे काम स्वतःच्या हेतूनं, जीव ओतून, चार जणांत मिसळून करतं त्यातूनच ते शिकतं. हेतू मुलाचा हवा. लेखाच्या हजारो प्रती खपल्या. आपल्याकडे पंजाबात मोगा इथल्या मिशनच्या शिक्षक-शाळेत १९२० च्या दशकातच ही पद्धत वापरायला लागले होते.

पण विचार झाला तरी उदाहरण लागतंच. ते दिलं एल्सवर्थ कॉलिंग्ज यांनी. हे किलपॅट्रिक यांचेच विद्यार्थी. मिसुरी राज्यातल्या एका खेडेगावच्या शाळेत मुलांनाच विषय निवडू दिले तर काय होतं, यावर त्यांनी प्रबंध लिहिला आणि १९२३ मध्ये त्याचं पुस्तक आलं. त्यातला टायफॉइडचा प्रकल्प जगभर गाजला. गावातल्या एका घरात दरवर्षी टायफॉइड का होतो, असा प्रश्न मुलांना पडतो, मुलं त्या घरी जातात, पाहणी करतात, माश्यांवर संशय येतो, उपाय शोधतात, घरच्यांना सांगतात. वाचून कोणालाही वाटावं की शाळा असावी तर अशी.

तर मंडळी, १९९६ मध्ये मायकेल नोल या जर्मन अभ्यासकानं जुनी कागदपत्रं तपासून दाखवलं की ती गोष्ट सांगितली गेली तशी घडलीच नव्हती. कामं मोठ्यांनी आखलेली होती आणि मुलांनी स्वतः निवडल्याचं वर्णन नंतर रचलं गेलं होतं. म्हणजे 'मुलांनी स्वतः केलेल्या' जगातल्या सर्वांत प्रसिद्ध प्रकल्पाचं स्पायरल बाइंडिंगसुद्धा मामानंच केलेलं! हे वाचून मला आधी हसू आलं. मग तेवढं आलं नाही.

आता आपल्याकडे. हिंगण्याहून टाकळघाट, बुटीबोरी करत वर्धा साठ-सत्तर किलोमीटर. लहानपणी एसटीनं सेवाग्रामला सहल जायची, बापूकुटी पाहायची, डबे खायचे आणि परत यायचं. तिथे शिक्षणाचं काय झालं होतं हे आम्हाला कोणी सांगितल्याचं आठवत नाही.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात (पुढचं नवभारत विद्यालय) शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष गांधीजी. त्या वर्षी प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळं आली होती, त्यांचे शिक्षणमंत्रीही हजर होते. गांधीजींची मांडणी अशी की सात वर्षांचं मोफत, सक्तीचं शिक्षण मातृभाषेतून द्यावं, एखादा हस्तोद्योग मध्यभागी ठेवून बाकीचे विषय त्यातून शिकवावेत, आणि मुलांच्या उत्पादनातून हळूहळू शिक्षकांचा पगार निघावा. हीच नयी तालीम, किंवा वर्धा योजना.

त्या परिषदेत डॉ. झाकिर हुसेन बोलले. तेव्हा ते जामिया मिलियाचे प्रमुख होते, राष्ट्रपती पुढे तीस वर्षांनी झाले. मला त्या माणसाचं फार कौतुक वाटलं. समोर खुद्द गांधीजी, आणि हे म्हणतात की करून शिकणं ही गोष्ट शिक्षणक्षेत्रातल्यांना नवी नाही, अमेरिकेत हिला प्रकल्प पद्धती म्हणतात आणि रशियात संकुल पद्धती. म्हणजे मिसुरी आणि वर्धा यांची गाठ त्याच मांडवात पडली होती! पुढे त्यांनी धोकाही सांगितला. कमाईवर फार भर दिलात तर शिक्षक गरीब पोरांकडून काम काढून घेणारे मुकादम होतील, आणि तसं झालं तर टकळी पुस्तकापेक्षाही वाईट ठरेल. प्रा. के. टी. शहांचा आक्षेप त्याहून कडक होता. आणि तरी मसुदा करायच्या समितीचं अध्यक्षपद झाकिर हुसेन यांच्याकडेच आलं. २ डिसेंबर १९३७ ला अहवाल हातात. आजच्या समित्या पाहता हे स्वप्नच वाटतं. असो.

किलपॅट्रिकच्या मोजपट्टीनं पाहिलं तर वर्धा योजनेत मुलाची निवड जवळजवळ नाहीच. सूत काढायचं हे मोठ्यांनी ठरवलेलं. माझे वडील लहान असताना त्यांच्या शाळेत टकळी होती. ते सांगायचे, तास सुरू झाला की सगळ्यांनी टकळ्या फिरवायच्या, गुरुजी लडी मोजायचे, आणि धागा तुटला की पाठीत धपाटा. त्यातून गणित, भूगोल, इतिहास निघायला हवा होता म्हणे. निघाला तो फक्त धागा, तोही गाठीचा.

पण सेवाग्रामला, मुळाशी, वेगळं काही चाललं होतं. १९३८ मध्ये हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला. आर्यनायकम आणि आशादेवी हे जोडपं त्याचं काम पाहत होतं. ते सिलोनचे, त्या बंगाली, दोघंही आधी शांतिनिकेतनात होते. त्यांच्या शाळेत स्वयंपाकघर, सफाई, आरोग्य, शेती असल्या खात्यांची जबाबदारी मुलांकडे असे, त्यासाठी मुलं आमसभेत आपले मंत्री निवडत आणि त्या मंत्र्यांना सभेपुढे हिशेब द्यावा लागे. खात्यात गोंधळ झाला तर जेवण खरोखर उशिरा मिळे.

गडचिरोलीचे डॉ. अभय बंग या शाळेत शिकले. त्यांनी आपल्या शाळेबद्दल लिहिलंय, अनेकांनी वाचलं असेल. गोठ्यासाठी पाण्याचं टाकं बांधायचं होतं. गाय दिवसाला पाणी किती पिते, मग टाकं केवढं हवं, त्याला विटा किती, हे मुलांनी काढायचं. घनफळ आणि पृष्ठफळ त्यातूनच शिकायचं.

हे टाकं माझ्या डोक्यातून जाईना. कारण इथे प्रश्न मुलांनी निवडलेला नाही, गुरुजींनी दिलाय. पण गाय खरी आहे. उत्तर चुकलं तर गाय तहानलेली राहणार, आणि ते उत्तर गुरुजींच्या खिशात आधीपासून ठेवलेलं नाही. मुलांनाच गोठ्यात जाऊन मोजावं लागणार. टकळीच्या तासात मात्र सगळं ठरलेलं: धागा, लांबी, धपाटा. म्हणून मला वाटतं, विषय कोणी निवडला यावर आपण जेवढं भांडतो तेवढं ते महत्त्वाचं नसावं. मोजणी कोणाच्या हातात आहे, हे बघावं. (शिक्षणशास्त्रातले मित्र इथे वाद घालतील. जरूर घाला.)

मग सरकारी पसारा सुरू झाला. आपल्या मध्य प्रांतात पंडित रविशंकर शुक्लांनी विद्या मंदिर योजना आणली. गावानं जमीन द्यायची, तिच्या उत्पन्नावर शाळा चालायची. तिच्या नावावरूनच मुस्लिम लीगनं मोठा वाद केला, आणि १९३९ मध्ये मंत्रिमंडळानं राजीनामा दिल्यावर जोर ओसरला. स्वातंत्र्यानंतर मूलोद्योगी शाळांच्या पाट्या खूप लागल्या. शहाण्या पालकांनी आपली मुलं साध्या शाळेत घातली आणि टकळी दुसऱ्यांच्या मुलांना दिली, हे कडू आहे पण तसंच झालं. १९६४-६६ च्या कोठारी आयोगानं त्याच कल्पनेला कार्यानुभव म्हटलं, पुढे समाजोपयोगी उत्पादक कार्य असं लांबलचक नाव आलं.

आमच्या पिढीला मिळाला तो कार्यानुभव. आठवड्यातून दोन तास. खडू करा, पाकिटं चिकटवा. पाकिटांचं मला चांगलं आठवतं, कारण आम्ही केलेली पाकिटं कधीही कोणी वापरली नाहीत. वर्षाच्या शेवटी ती कपाटात जायची आणि पुढच्या वर्गाला नमुना म्हणून दाखवायची.

नंतर शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. पाठांतराची परीक्षा कमी करून तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प यांवरून मुलाला समजून घ्यायचं. विचार चांगलाच होता. पण प्रत्येक मुलाच्या प्रत्येक विषयाच्या नोंदी ठेवायच्या म्हटल्यावर, चाळीस-पन्नास पोरांचा वर्ग सांभाळणाऱ्या बाईंना एका मापाचे, वेळेवर आलेले, फाइलला लावता येतील असे प्रकल्पच हवे असणार. त्यांना ते हवे, म्हणून आईला हवे, म्हणून दुकानदाराकडे तयार. वीस विषयांची यादी अशी जन्माला येते. त्या बाईंना मी मनातल्या मनात नावं ठेवली होती, ती मागे घेतली.

यादीबाहेरचीही वाट आहे, हे सांगायला हवं. १९९३ पासून राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद भरत आलीय. दहा ते सतरा वर्षांच्या मुलांनी आपल्या परिसरातला प्रश्न घ्यायचा, स्वतः पाहणी करायची आणि मांडायची. आमच्या नागपुरात अपूर्व विज्ञान मेळा भरतो, त्यात महापालिकेच्या शाळांतली मुलं फुगे, स्ट्रॉ, बाटल्या असल्या साध्या वस्तूंचे प्रयोग स्वतः करून दाखवतात आणि समजावतात. मी एकदा गेलो होतो. एका पोरीला मी मुद्दाम आडवा प्रश्न विचारला. ती म्हणाली, "थांबा काका, करूनच पाहू." आणि खरंच तिनं ते करून पाहिलं, माझ्यासमोर, दोनदा. पहिल्यांदा फसलं तेव्हा तिला जराही लाज वाटली नाही.

आता परत त्या ४१ आणि ४३ वर येतो.

डॉ. देवांच्या उत्खननाबद्दल मी पंधरा पानांत भरपूर लिहिलं, पण एक गोष्ट मला तेव्हा सुचलीच नाही. जमिनीत अर्धा गाडला गेलेला दगड मोजायचा की नाही? एकाचे फुटून दोन झाले असतील तर तो एक की दोन? बाजूला ढकललेला, नांगराच्या वाटेतून उचलून कडेला टाकलेला दगड कड्यातला धरायचा का? वर्तुळ नोंदवणाऱ्या प्रत्येकाला हे आधी ठरवावंच लागतं. भाचीचे दोन आकडे जुळत नव्हते, कारण तिनं दोन वेळा दोन वेगळ्या रीतींनी मोजलं होतं. ते प्रश्नचिन्ह हा त्या अख्ख्या प्रकल्पातला एकमेव संशोधनाचा भाग होता. आणि मी तिथे 'सुमारे' लिहिलं.

संक्रांतीला हिंगण्याला गेलो तेव्हा तिच्याशी बोललो. मोठ्या माणसानं लहानाची माफी मागताना जसं होतं तसं अवघडत. ती तिळाचा लाडू खात होती. म्हणाली, "ठीक आहे मामा, मार्कं तर मिळाले ना." हे वाक्य मला चांगलंच लागलं. बहीण आतून म्हणाली, "झालं ते झालं, आता कशाला उकरतोस?" तिचंही चूक नाही. तिला दहावी दिसते, मला दगड दिसतात.

मी ती चार पानं मागितली. मला वाटलं फेकली असतील. होती, भूगोलाच्या वहीत.

फेब्रुवारीत एका रविवारी भाची आणि तिच्या दोन मैत्रिणी शेतावर गेल्या. सोबत त्यांतल्या एकीचे बाबा होते. दगड हलवायचा नाही आणि काही खणायचं नाही, एवढं मी बजावून सांगितलं, बाकी काही नाही. तिघींनी वेगवेगळं मोजलं, एकमेकींना न सांगता. ४१, ४४, ४२. मग बसून भांडल्या आणि गाडलेल्यांची वेगळी यादी केली. मधोमध खुंटी ठोकायची नव्हती (मामाची ताकीद), म्हणून एक जण दोराचं टोक धरून मधे बसली आणि दुसरी ताणलेला दोर घेऊन फिरली. कडं बरोबर गोल नाही असं निघालं, एका बाजूला दीड पाऊल जास्त भरतं. ते मुळातच तसं होतं की दगड सरकले, यावर अजून भांडण चालू आहे. या वेळी मार्कं नाहीत, फाइल नाही.

मी येऊ का म्हणून विचारलं होतं. "नको मामा, तू सांगत बसशील," म्हणाली. फक्त दोर मागितला. बाबांच्या वेळचा विहिरीचा दोर माळ्यावर होता, तो काढून दिला.